उजवा हात

तुर्भ्याला, एमआयडीसीत,
जिथे आधी सुक्या मिरच्यांचं गोदाम होतं
तिथे आता भिंत चढायला शिकवतात.
दुपारी पत्रा तापला की कोपऱ्यातून अजून ठसका उठतो
आणि वर लटकलेलं कुणीतरी
पकड न सोडता शिंकतं.

पहिल्या शनिवारी चढणं नाहीच.
नुसता पट्टा, कमरेला, मांड्यांना,
आणि दोर.
उर्वी म्हणाली, आठ काढा.
मी मनात आपला ८ काढला,
एका बाजूला कललेला, कशातच न अडकणारा.
ती हसली. इंग्रजी आठ हो, काकू.
म्हणजे आपला चारच की,
फक्त वरून मिटलेला.
सत्तावीस वर्षं बँकेत आकडे लिहिले,
त्यातला एखादा माझं वजन पेलेल
असं कधी वाटलं नव्हतं.

उर्वी तांडेल दिवाळ्याची.
तिचे आजोबा होडीच्या गाठी अंधारात मारायचे,
तोंडातली बिडी विझू न देता.
गाठ बघायची नसते, ती म्हणते, वाचायची असते.
दोन दोन रेघा, शेजारी शेजारी, पाच जागी.
आपली मोजायची. मग जोडीदाराची.
माझे जोडीदार गुंजाळ,
परक्या बाईच्या पोटाशी वाकून मोजायचं म्हणून
कानापर्यंत लाल होतात
आणि तिनावर येऊन चुकतात.
पुन्हा एकपासून.

तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले गुंजाळ,
पट्टा ऑफिसच्या कपाटात ठेवून.
आता निवृत्त झाल्यावर
पट्टा घालायला शिकतायत.

दुसरी पायरी, दोर धरण्याची.
वर चढणाऱ्याला सगळे बघतात,
खालच्याची मान तेवढी दुखते.
डावा हात येतो जातो, ओढतो, सोडतो.
उजवा नाही.
उजवा दोरावरच. खाज सुटली तरी. फोन वाजला तरी.
परीक्षेत मी सगळं नीट केलं,
फक्त घामाने चष्मा घसरला
आणि मी तो सावरला.
पाव सेकंद असेल.
उर्वीने कागदावर काट मारली.
चष्मा कुठल्या हाताने सावरलात, काकू?
तीन आठवड्यांनी पुन्हा बसले,
चष्म्याला मागून नाडी बांधून,
शाळेतल्या ढ मुलीसारखी.

मधल्या सुट्टीत आम्ही दारात चहा पितो.
समोर पारसिकचा डोंगर, खाणीने चावलेला.
खरा दगड केव्हाच खडी होऊन
रस्त्यांखाली गेला,
आणि आम्ही पैसे भरून
प्लास्टिकच्या दगडांना लोंबकळतो.
पिवळे, जांभळे,
एक तर चक्क बटाटा.
लेक फोनवर विचारते, आई, या वयात?
मी सांगते, पुढची पायरी पडण्याची आहे.

तर, तिसरी पायरी.
गुंजाळ वर, शहाऐंशी किलो.
मी खाली, एकोणपन्नास.
वाळूची पिशवी पुढच्या वेळी बांधू, उर्वी म्हणाली,
आज एकदा कळू दे.
माझ्यामागे दोराचं शेपूट धरून ती उभी राहिली.
गुंजाळांनी दोनदा विचारलं, धरलंय ना?
धरलंय.
तिसऱ्यांदा विचारलं नाही.
सोडलं.

मला वाटलं होतं धक्का बसेल.
जमीनच गेली.
बूट, गादी, चहाचे पेले, सगळं खाली राहिलं
आणि मी वर,
एकही दगड न धरता,
एका माणसाच्या पडण्याने उचललेली.
भिंतीच्या मध्यावर आम्ही भेटलो.
त्यांचा डावा बूट माझ्या कानाशी,
त्यांचे डोळे अजून मिटलेले.
चष्मा नाडीला लोंबत होता,
सगळं धूसर, रंगीत, हळूहळू फिरणारं.

झालं का? गुंजाळ म्हणाले.
मला हसू आवरेना.

खालून उर्वीचा आवाज,
काकू, उजवा हात?

मान वळवून पाहिलं.
होता.